निरभवणे सरांचा विषय

पंचाहत्तर सालच्या मे महिन्यात धोंडीराम निरभवणे परराष्ट्र खात्यातली नोकरी सोडून नाशिकला आले. त्यांची आई चतुराबाई धाकट्या मुलाकडे, वाल्मीककडे, सातपूरला राहायची. दारात टॅक्सी थांबली, पेट्या उतरल्या आणि चतुराबाईंनी लेकाला उंबऱ्यातच विचारलं, "काढलं का रं तुला?"

"नाय आई. मीच सोडली."

"आसली नोकरी कोन सोडतं?"

धोंडीराम बुटाची नाडी सोडायला वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले. उत्तर होतं त्यांच्याकडे. पण ते आईला सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती. शेवटी त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, मध्ये पडून म्हटलं, "आई, आधी पाणी तर द्या. विचारायला जन्म पडलाय."

चतुराबाईंचं तरी काय चुकलं होतं? चांदवडजवळच्या त्यांच्या गावात या नोकरीची कहाणी पोराबाळांना पाठ होती. धोंडीरामांचे वडील केरू मुंबई-आग्रा रस्त्यावर खडी फोडायचे. त्यांचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला, नाशिकला बोर्डिंगात राहिला, औरंगाबादेहून एम.ए. झाला, दिल्लीची परीक्षा पास झाला आणि वकिलातीत साहेब झाला. नेमणुकीची तार आली, त्याच्या आदल्या साली सगळ्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या पाठोपाठ ही तार. वस्तीने त्या दिवशी हलगी लावली आणि केरूंना खांद्यावर घेतलं. ज्या रस्त्यावर खडी फोडली त्याच रस्त्याने पोरगा विमान धरायला मुंबईला गेला, असं केरू मरेपर्यंत सांगत होते.

पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं. धोंडीरामांना खात्याने कैरोला अरबी शिकायला पाठवलं आणि तिथे त्यांना त्या विषयाचं वेडच लागलं. दोन देश का भांडतात, नदीचं पाणी कसं वाटून घेतात, तहाच्या कागदावर एक शब्द इकडचा तिकडे झाला की किती गावं नकाशाच्या पलीकडे जातात, याचा ते रात्रंदिवस विचार करायचे. पण काम वाट्याला आलं ते निराळंच. मेजवानीला कोण कुणाशेजारी बसेल, कुणाच्या गाडीवर झेंडा लावायचा, कुणाला दारापर्यंत पोचवायचं आणि कुणाला पायरीपर्यंत. पुढे पुढे हरवलेले पासपोर्ट, अडकलेले खलाशी, परदेशात वारलेल्या माणसांची प्रेतं. राजकीय विभागात काम द्या म्हणून त्यांनी दरवेळी अर्ज केला आणि दरवेळी कुणीतरी गोड बोलून तो बाजूला ठेवला. "तुमची माणसांत मिसळायची हातोटी फार छान आहे, निरभवणे. ती का वाया घालवता?" त्यांच्या मागून भरती झालेले पुढे गेले. कुणी राजदूत झाले. धोंडीराम माणसं बसवत राहिले.

शेवटची नेमणूक आखातातल्या एका लहानशा राजधानीत होती. तिथे मालेगावकडचा एक गवंडी परांचीवरून पडून गेला. धोंडीराम दिवसभर इस्पितळात उभे राहिले, डॉक्टरांशी भांडले, प्रेत गावी धाडायची व्यवस्था केली आणि संध्याकाळच्या सरकारी मेजवानीला उशिरा पोचले. कपड्यांना औषधाचा वास येत होता. मुख्य साहेबांनी पाहुण्यांसमोर हसत हसत ओळख करून दिली, "हे आमचे निरभवणे. मेलेल्यांचे राजदूत."

पाहुणे खळखळून हसले. धोंडीरामही जेवण संपेपर्यंत जागेवर बसून राहिले, कारण मेजवानीतून मध्येच उठू नये हा नियम त्यांनीच कित्येकांना शिकवला होता. सकाळी त्यांनी राजीनामा दिला.

हे आईला कसं सांगणार?

आणि ते काही हवेत उडी मारून आले नव्हते. आदल्या वर्षी रजेवर असताना सावळीराम थेटे त्यांना भेटले होते. थेटे म्हणजे लासलगावचे कांद्याचे बडे व्यापारी आणि नाशिकच्या लोकविद्या महाविद्यालयाचे अध्यक्ष. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, "तुमच्यासारखा माणूस साहेबांच्या पंगती वाढण्यात खपतो, हे काय बरोबर नाय. आपल्या पोरांला जग कोण दाखवनार? तुम्ही या. वेगळा विभाग काढून देतो. स्वतंत्र खोली, पुस्तकं, हाताखाली माणूस. शब्द आहे आपला."

धोंडीरामांनी आयुष्यभर कराराची भाषा अभ्यासली होती. या कराराचा मात्र कागद त्यांनी मागितला नाही.

नाशिकला आल्यावर पहिलं काम घर शोधायचं. कॉलेजजवळच्या एका नव्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. मालक अगदी आनंदले. परदेशच्या गोष्टी विचारल्या, विमलाबाईंना सरबत दिलं, गॅलरीतून दिसणारी झाडं दाखवली. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"निरभवणे."

"मूळचे कुठले?"

"चांदवडकडचे."

"ते झालं. पण मूळचे, म्हणजे…" मालक थांबले. मग त्यांना अचानक आठवलं, की त्यांचा मेहुणा बदली होऊन यायचा आहे आणि हा मजला त्याला कबूल केलेला आहे.

त्या उन्हाळ्यात नाशिकमधल्या बऱ्याच घरमालकांचे मेहुणे बदली होऊन येणार होते. विमलाबाईंनी परदेशात मंत्र्यांच्या बायकांना जेवू घातलं होतं. इथे त्या एकेका फाटकातून परत फिरत होत्या. तिसऱ्या फाटकाबाहेर त्या म्हणाल्या, "आता पुरे. वाल्मीकभावजींच्या कॉलनीत दोन खोल्या आहेत. तिथं निदान कुणाचा मेहुणा येणार नाही." आणि निरभवणे कुटुंब सातपूरला, कारखान्यातल्या कामगारांच्या आणि बौद्ध कारकुनांच्या वस्तीत राहायला गेलं. धोंडीराम सकाळी बसने कॉलेजला जायचे तेव्हा पहिल्या पाळीचे कामगार डबे घेऊन उलट दिशेने येत असायचे. ते "जयभीम साहेब" म्हणायचे. साहेब या शब्दाने धोंडीरामांना दरवेळी बारीकशी टाचणी टोचायची.

कॉलेजात प्राचार्य गायधनी यांनी त्यांचं स्वागत केलं आणि वेळापत्रक हातात ठेवलं. त्यात अकरावीचं नागरिकशास्त्र होतं. आठवड्याभराचं. ग्रामपंचायतीची रचना, सरपंचाची कर्तव्यं, जिल्हा परिषदेच्या समित्या.

"आणि आंतरराष्ट्रीय संबंध?"

"आहे ना. तिसऱ्या वर्षाला एक ऐच्छिक पेपर आहे. विद्यार्थी मिळाले तर चालवू."

"दादा म्हणाले होते, स्वतंत्र विभाग…"

"दादा उदार मनाचे आहेत," प्राचार्य म्हणाले. ते कधीच आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला जागाच सापडत नसे. "पण विद्यापीठाची मान्यता, विद्यार्थीसंख्या, पदं… तुम्ही सरकारात होता, तुम्हाला मी काय सांगणार?"

पेपर कसाबसा सुरू झाला. विद्यार्थी मिळाले, त्यातले निम्मे या तासाला हजेरी लवकर होते म्हणून आले होते. धोंडीरामांनी वर्गासाठी जगाचा नकाशा मागितला. मिळाला तो नाशिक जिल्ह्याचा, तोही सुरगाण्याच्या बाजूने फाटलेला. आणि शिकवायला उभे राहतात तोवर देशात आणीबाणी लागली. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"सर, सध्या परराष्ट्र धोरणावर जरा जपून."

"माझा विषयच तो आहे."

"म्हणूनच म्हणतो. व्याख्या द्या ना. राष्ट्र म्हणजे काय, सार्वभौमत्व म्हणजे काय. व्याख्येला कोण हरकत घेणार?"

दीड-दोन वर्षं धोंडीरामांनी व्याख्या दिल्या. खात्यात असताना निदान बंद खोलीत तरी खरं बोलता यायचं. इथे वर्गातही नाही. घरी आले की ते विमलाबाईंवर उगाच चिडायचे. रॉकेल कमी आलं म्हणून, वर्तमानपत्र उशिरा आलं म्हणून. एकदा विमलाबाईंनी हातातला स्टोव्ह खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तिथं तुम्ही साहेबावर चिडायचा आणि गप्प बसायचा. इथं प्राचार्यांवर चिडता आणि गप्प बसता. मग माझ्यावर कशाला तोंड सोडता? मी काय तुमची परराष्ट्र सचिव आहे?"

धोंडीरामांना हसू आलं. ते त्या आठवड्यातलं पहिलं हसू होतं.

आणीबाणी गेली, वर्षं गेली, खोली काही मिळाली नाही. मात्र ऐंशी सालच्या शेवटी, इराण आणि इराकचं युद्ध पेटलं तेव्हा, धोंडीरामांना एक गोष्ट सुचली. त्यांनी तिसऱ्या वर्षाची मुलं एस.टी.त बसवली आणि थेट लासलगावच्या बाजार आवारात नेली. लिलाव ऐन भरात होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, पसरलेल्या कांद्याचे ढीग, ढिगावरून ढिगावर सरकणारी व्यापाऱ्यांची टोळी. चांदवडकडचा एक शेतकरी उपरण्याने तोंड पुसत उभा होता. धोंडीरामांनी त्याच्या ढिगातला कांदा उचलला.

"हा कांदा कुठं जातो?" त्यांनी मुलांना विचारलं.

"मुंबईला, सर."

"मुंबईत सगळा खपतो?"

"नाही. तिथून बोटीने."

"बोटीने कुठं?"

मग धोंडीराम बोलायला लागले. आखातातली अरुंद सामुद्रधुनी, तिथून जाणाऱ्या बोटी, लढाई लागली की चढणारा विम्याचा हप्ता, मग कचरणारे बोटवाले, मग बंदरात तुंबलेला माल, आणि मग इथे, या ढिगासमोर, व्यापारी जो आकडा बोलतो तो. कोण कुणाच्या बाजूने आहे, कोण शस्त्रं विकतंय, आपला देश दोघांशीही मैत्री ठेवताना कशी कसरत करतोय. ते तासभर बोलत होते आणि त्यांना स्वतःला कळत होतं, की आपण असं आजवर कधी बोललो नाही. आजूबाजूला हमाल थांबले होते. तो शेतकरीही ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे त्यांचं भांडान आन् मार आमाला?"

"अगदी तेच," धोंडीराम म्हणाले. "हाच माझा विषय."

परतताना गाडीत मुलं एकमेकांशी वाद घालत होती. सुधाकर गांगुर्डे नावाच्या मुलाने तर लिलाव करणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिथेच विचारलं होतं, की बोटी अजून चालू आहेत मग भाव आजच का पाडला? त्या रात्री धोंडीराम जेवताना विमलाबाईंशी भरभरून बोलले. मी आलो ते बरं केलं, असंही म्हणाले.

तो व्यापारी नेमका दादा थेट्यांचा साडू निघाला.

दादांनी आठवड्याच्या आत बोलावणं धाडलं. चहा मागवला, प्रकृतीची चौकशी केली. मग म्हणाले, "सर, पोरं वर्गात बसवा. बाजारात आमी बसतो."

"दादा, मुलांनी फक्त प्रश्न विचारला."

"प्रश्न परीक्षेत असतात. लिलावात नसतात."

स्वतंत्र विभागाचा प्रस्ताव त्या वर्षी नियामक मंडळासमोर येणार होता, तो आलाच नाही. सहलींना लेखी परवानगी लागेल असं परिपत्रक मात्र आलं.

यानंतर धोंडीरामांनी कॉलेजकडून काही मागायचं सोडून दिलं. पण वस्तीने त्यांच्याकडे मागायचं सोडलं नव्हतं. सातपूरचे कामगार तेव्हा आखातात जायला लागले होते. कुणाचा कारखाना बंद, कुणाला टाळेबंदी, आणि मुंबईचा एजंट म्हणजे देवदूत. साहेब परदेशात होते म्हणजे साहेबांना सगळं माहीत, असं धरून लोक त्यांच्या दारात यायचे. धोंडीराम खेकसायचे, "मी प्राध्यापक आहे, पासपोर्टवाला नाही." आणि मग खुर्ची पुढे करायचे.

त्र्याऐंशी साली शेजारच्या लताबाई पगारे आल्या त्या रडतच. त्यांचा नवरा काळू फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर तो आखातात गेला होता. तिथे मालकाने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, काम दुसरंच लावलं आणि पगार थांबवला. परत आलेल्या एकाने निरोप आणला होता, की काळू उन्हात खड्डे खणतो आणि कुणाशी बोलत नाही.

"भाऊ, तुमची तिथं वळख आसंल," लताबाई म्हणाल्या. "एवढं करा. मी दुसरं कायबी मागत नाय."

धोंडीराम दिल्लीला गेले. ज्या इमारतीत ते एके काळी ओळखपत्राशिवाय जात, तिथे त्यांनी खिडकीवर नाव लिहून पास घेतला आणि बाकावर बसून राहिले. त्यांच्या हाताखाली काम शिकलेला एक अधिकारी आता मोठ्या जागेवर होता. दुपार कलल्यावर त्याने आत बोलावलं. उठून नमस्कार केला, बिस्किटं मागवली.

"सर, तुम्हाला पाहून किती बरं वाटलं! नाशिकची हवा छान आहे म्हणे."

"काळू पगारे नावाचा माणूस," धोंडीराम म्हणाले, "त्याचा पासपोर्ट…"

"सर, तुम्हाला पद्धत माहीतच आहे. वकिलातीकडे तक्रार यायला हवी. कामगाराने स्वतः."

"त्याला आवाराबाहेर सोडत नाहीत. तो तक्रार कशी करणार?"

"तेच ना," तो अधिकारी खऱ्या दुःखाने म्हणाला. "तेच तर होतं." आणि लिफ्टपर्यंत पोचवायला आला. कुणाला कुठपर्यंत पोचवायचं, हे तो विसरला नव्हता.

परतीच्या गाडीत धोंडीरामांना झोप आली नाही. नाशिकला उतरल्यावर ते घरी न जाता सरळ तार ऑफिसात गेले आणि आखाताचा ट्रंक कॉल लावला. त्यांची शेवटची नेमणूक जिथे होती आणि आता काळू जिथे अडकला होता, त्या राजधानीतल्या वकिलातीत युसुफ नावाचा स्थानिक दुभाषा होता. धोंडीरामांचं आणि त्याचं जमायचं. तो अजून तिथे असेल की नाही, याची खात्री नव्हती. सकाळ गेली, दुपार गेली. संध्याकाळी लाइन लागली आणि तार ऑफिसातली सगळी गर्दी तोंडाचा आ करून बघत राहिली, कारण पांढरा सदरा घातलेला एक मास्तर फोनवर अरबीत ओरडत होता. तो ओरडत होता, विनवत होता, मध्येच एकदा हसलाही. फोन ठेवला तेव्हा धोंडीरामांचा घसा बसला होता.

युसुफने काम केलं. त्याने मालकाच्या चुलत्याला गाठलं, चुलत्याने मालकाला समजावलं आणि काही महिन्यांनी काळू पगारे पासपोर्टसकट घरी आला. सरकारी मदत शून्य, राजकीय विभाग शून्य. धोंडीरामांच्या आयुष्यातली ही सरळसरळ जिंकलेली एकमेव बाजी. लताबाईंनी पेढे आणले आणि विमलाबाईंच्या गळ्यात पडून रडल्या.

काळू मात्र त्यांच्याकडे फिरकला नाही. तो भेटला पंधरवड्याने, बस थांब्यावर. वाळून काळाठिक्कर पडला होता.

"जयभीम, काळूभाऊ. कसं आहे?"

"कसं आसनार?" काळू त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "साहेब, तुमाला कोनी सांगितलं होतं मधी पडायला?"

धोंडीरामांनी हातातली पुस्तकं बाकावर ठेवली.

"मालक सगळा पगार शेवटाला देनार होता. कबूल झाला होता तो. दोन वर्सं काढली आसती कळ सोसून. तुमचा तो मानूस आला आन् मालकानं पासपोर्ट तोंडावर फेकला, वर हिशेब मिटला म्हून अंगठा घेतला. आता हितं कारखाना बंद. खाऊ काय?"

"काळूभाऊ, तो पगार देणार नव्हता. असे मालक मी पाहिलेत. कधीच देत नाहीत."

"नसंल दिला आसता. पर माझं मी पाहिलं आसतं ना?"

बस आली. काळू चढला. धोंडीराम त्या बसने जाणार होते, पण ते थांब्यावरच उभे राहिले. त्या दिवशी अकरावीला सरपंचाची कर्तव्यं शिकवायची होती. ती तशीच राहिली. घरी येऊन त्यांनी विमलाबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझं चुकलं का?"

"लताबाईचं नाही चुकलं, तुमचंही नाही," विमलाबाई म्हणाल्या. "आणि काळूचंही नाही." थोड्या वेळाने त्यांनीच पुढे म्हटलं, "हे असलं तुमच्या पुस्तकात नसतं का?" धोंडीराम गॅलरीत जाऊन बसले.

शहाऐंशी साली ऐच्छिक पेपर बंद झाला. कॉलेजला वाणिज्य शाखेच्या जादा तुकड्या हव्या होत्या आणि त्यांना वर्ग हवे होते. प्राचार्यांनी अतिशय सौम्य शब्दांत ते कळवलं. धोंडीराम फक्त नागरिकशास्त्राचे मास्तर उरले. चतुराबाई तोवर खूप थकल्या होत्या. त्यांना हल्ली मधलं काही आठवत नसे. कुणी आलं की सांगायच्या, "माझा धोंडी परदेशात सायब हाय." धोंडीराम शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलेले असत.

पुढच्याच वर्षी एका रविवारी कॉलनीच्या अरुंद गल्लीत दादा थेट्यांची गाडी शिरली. पोरं भोवती गोळा झाली. दादा घरात आले, चतुराबाईंच्या पाया पडले आणि पहिल्यांदाच विमलाबाईंच्या हातचा चहा प्यायले.

"सर, आखातातले दोन व्यापारी येतायत. कांदा आन् द्राक्षं बघायला. करार झाला तर थेट बोट भरायची. पण त्यांच्याशी बोलायचं कोण? कसं बसायचं, काय वाढायचं, कायबी ठावं नाय. चुकून काही झालं तर हातचं जायचं."

धोंडीरामांनी कप खाली ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटाघाटींत ते फक्त खुर्च्या मांडत आले होते. आज टेबलाच्या एका बाजूला ते स्वतः होते.

"येतो," ते म्हणाले. "माझा पेपर सुरू करा."

"पेपरचं काय, ते प्राचार्य बघतात."

"प्राचार्यांकडं तुम्ही बघता."

दादा मोठ्याने हसले. "बरं. पाहुणे जाऊ द्या, मग करू."

"पाहुणे यायच्या आधी. नियामक मंडळाचा ठराव, सहीसकट. आणि खोली."

दादांनी मिशीवरून हात फिरवला. लासलगावच्या लिलावात माणूस किती ताणून धरेल, हे ते चेहऱ्यावरून ओळखत. त्यांनी धोंडीरामांच्या चेहऱ्याकडे पुरतं पाहून घेतलं. "दिला," म्हणाले. या वेळी कागद आला.

पाहुणे आले. धोंडीरामांनी दादांच्या बंगल्यात बसायची व्यवस्था लावली, थोरल्याला कुठे आणि धाकट्याला कुठे. कॉफी आधी आणि व्यवहार नंतर. दादांच्या साडूला दाराजवळ. ते अरबीत कवितेच्या दोन ओळी बोलले, पाहुण्यांचे डोळे चमकले आणि रात्रीपर्यंत सौदा झाला. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ते काम त्यांना उत्तम जमलं. तोच जिवावर आलेला पंगतीचा धंदा, आणि इतक्या वर्षांनीही हात बसलेला. दादांनी त्यांना मिठी मारली. धोंडीरामांनी गाडी नाकारली आणि रिक्षाने घरी आले.

जून महिन्यात खोली उघडली. दारावर नवी पाटी होती: आंतरराष्ट्रीय संबंध व निर्यात मार्गदर्शन. पाटीचा दुसरा अर्धा भाग ठरावात नव्हता.

"तेवढं घालावं लागलं," प्राचार्य म्हणाले. "दादांचा आग्रह. पण बघा, विद्यार्थी किती आलेत!"

खरोखरच वर्ग भरला होता. निफाडचे, पिंपळगावचे, चांदवडचे बागाईतदारांचे मुलगे. मागे दोन-तीन जण तर विद्यार्थीही नव्हते, नुसते ऐकायला आलेले. धोंडीरामांनी नवा कोरा जगाचा नकाशा स्वतःच्या पैशाने आणून टांगला होता. ते सार्वभौमत्वापासून सुरू झाले. दहाएक मिनिटांत एक हात वर आला.

"सर, दुबईला पेटी किती किलोची चालते?"

कुणी हसलं नाही. सगळे वह्या उघडून उत्तराची वाट बघत होते. धोंडीरामांनी पुन्हा सार्वभौमत्व धरलं. दुसरा हात आला, शीतगृहाबद्दल. तिसरा, तिकडचा खरा व्यापारी कसा ओळखायचा. धोंडीरामांनी पुस्तक मिटलं, ते बाहेर आले आणि व्हरांड्यात कठड्याला धरून उभे राहिले. समोर मैदानात अकरावीची मुलं कवायत करत होती. बारा वर्षं, त्यांच्या मनात आलं. या खोलीसाठी बारा वर्षं.

झाडलोट करणाऱ्या गोजराबाई बादली घेऊन चालल्या होत्या. त्या थबकल्या. "सर, वर्ग सुटला का? आत पुसून घेऊ?"

धोंडीरामांनी दाराकडे पाहिलं. आत कुणी उठलं नव्हतं. तो पेटीवाला मुलगा नकाशाजवळ जाऊन बोटाने दुबई शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून खाली चालला होता.

"नाही," ते चिडूनच म्हणाले. "सुटला नाही अजून." आणि आत जाऊन त्यांनी त्या मुलाचं मनगट धरून वर, आखाताच्या तोंडाशी आणलं. "ही सामुद्रधुनी. हिच्या या बाजूला कोण आहे आणि त्या बाजूला कोण आहे, हे कळल्याशिवाय तुझी पेटी जागची हलणार नाही. बस खाली. लिहून घे."